कपड्याच्या दुकानातली मांडणी : लोखंड किती, कापड किती?

शेंद्र्याला जालना रस्त्याच्या कडेला किंवा वसाहतीच्या आतल्या एखाद्या चौकात कपड्याचे दुकान काढायचे ठरवले, की पहिला प्रश्न पडतो तो माल कोठून आणावा हा. तो पडणे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न पुष्कळांना फार उशिरा, म्हणजे मालाचे गठ्ठे गाळ्यात येऊन पडल्यावर सुचतो. हा माल ठेवायचा कशावर आणि दाखवायचा कसा? मग घाईघाईने कोणीतरी सुतार बोलावला जातो, कोणीतरी चारदोन चकचकीत स्टँड आणून देतो, दोन पुतळे दारात उभे राहतात, आणि दुकान ‘झाले’ असे आपण म्हणतो. या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा विचार आपण येथे करू. मी अर्थशास्त्राचा शिक्षक आहे, दुकानदार नाही. तेव्हा पैशाचा हिशेब मध्येमध्ये येणार, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

प्रथम आपले गिऱ्हाईक कोण ते पाहू. शेंद्रा ही पंचतारांकित औद्योगिक वसाहत. २००१ साली येथे स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढे दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतले ‘ऑरिक’ हे नवे शहर शेंद्रा आणि बिडकीन मिळून उभारायचे ठरले आणि २०१९ च्या सप्टेंबरात त्याच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. कारखान्यात पाळीने येणारा कामगार, भाड्याच्या खोलीत चौघेजण मिळून राहणारा परप्रांतीय तरुण, शेंद्रा कमंगरचा किंवा करमाडकडचा शेतकरी आणि त्याची लेकीबाळींसह आलेली बायको, अशी ही मंडळी. यांच्या एका अंगाला गुलमंडीची जुनी कापडबाजारपेठ आहे, तर वाटेवर चिकलठाण्याला २०१० पासून भला मोठा मॉल आहे. आणि आता खिशातल्या फोनवर तर चोवीस तास दुकान उघडेच असते. तेव्हा शेंद्र्याच्या दुकानदाराने मॉलची नक्कल करायला जाऊ नये. त्याच्याकडे मॉलपेक्षा एक गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे जवळीक. आणि एक कमी आहे, ती म्हणजे जागा.

आपल्याकडे कापडाच्या दुकानात पूर्वी मांडणी नव्हतीच असे म्हणतात, ते मला पटत नाही. गादी होती, तिच्यावर पांढरी चादर होती, लोड होता, मागे भिंतभर फळ्यांवर ठाणे रचलेली होती. दुकानदार बसलेला आणि गिऱ्हाईकही बसलेले. “काय दाखवू, वहिनी?” असे विचारून तो एकेक ठाण किंवा लुगडे समोर असे काही उलगडी, की काठपदर नीट नजरेस पडावा. माल होता मागे, गिऱ्हाईक पुढे, आणि दोहोंच्या मध्ये दुकानदाराची जीभ! मांडणीचे सारे काम ती जीभ करीत असे. ही पद्धत शिवण्याच्या कापडाला आणि लुगड्यांना योग्यच होती, कारण तिथे माप लागत नाही, वार लागतात. म्हणजे १९५८ नंतर हळूहळू मीटर लागू लागले.

तयार कपडा आला आणि हे सगळे बदलले. तयार सदरा अंगाला लावून पाहावा लागतो. त्याचे माप, त्याची कॉलर, त्याचा खिसा हाताने चाचपावा लागतो. पॅरिसला १८५२ पासून बॉन मार्शे या दुकानाने भावाची घासाघीस बंद करून मालावर किंमत लिहायची प्रथा वाढवली, आणि लंडनला १९०९ साली सेल्फ्रिज यांनी आपल्या दुकानात माल कपाटातून काढून लोकांच्या हाताला लागेल असा मांडला. मुंबईत अंधेरीला १९९१ साली शॉपर्स स्टॉप निघाले, तेव्हापासून ही रीत आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्याही अंगवळणी पडत गेली. पण खरे सांगायचे तर जत्रेतल्या पालवाल्याला हे शास्त्र केव्हाच माहीत होते. चैत्रात मांगीरबाबाच्या जत्रेला शेंद्र्याला जाऊन पाहा. दोन बांबूंच्या मध्ये दोरी ताणलेली, तिच्यावर पोरांचे झबले-सदरे तोंड समोर करून टांगलेले, खाली बाजेवर घड्यांचा ढीग. टांगलेला कपडा गिऱ्हाइकाला बोलावतो आणि ढिगातला विकला जातो. सगळ्या मांडणीचे मर्म एवढ्यात आले.

कारण मांडणीच्या सामानाला दोन कामे करावी लागतात, माल साठवणे आणि माल दाखवणे, आणि ही दोन कामे एकमेकांशी भांडतात. कशी, ते हिशेबाने पाहू. समजा, तुमच्याकडे १० फूट लांबीची एक भिंत आहे. तिच्यावर एकाखाली एक अशा दोन आडव्या नळ्या बसवून सदरे हँगरवर टांगले आणि एका सदऱ्याला दोन इंच जागा दिली, तर एका नळीवर ६० आणि दोन्ही मिळून १२० सदरे मावतील. त्याच भिंतीवर एक फूट रुंद आणि एक फूट उंच असे कप्पे केले, सात थर घेतले, आणि प्रत्येक कप्प्यात घडीचे ८ सदरे ठेवले, तर ५६० मावतील. म्हणजे साडेचारपटीहूनही अधिक! पण कप्प्यातल्या सदऱ्याची गिऱ्हाइकाला दिसते ती फक्त एक कड. शिवाय एक पाहायला काढला की घडी मोडते, आणि मोडलेली घडी पुन्हा घालायला माणूस लागतो. टांगलेला सदरा मात्र गिऱ्हाईक स्वतः पाहतो आणि स्वतः परत ठेवतो.

तेव्हा काय टांगावे आणि काय घडी करून ठेवावे, याचा निवाडा मालाकडे पाहून करावा. ज्याचे सौंदर्य कापण्यात आणि शिवण्यात आहे, म्हणजे कुर्ता, पंजाबी पोशाख, झगा, कोट, ते टांगावे. जीन्स, बनियन, साधे टी-शर्ट हे सगळे एकसारखे असतात. त्यांना घडीच बरी, फक्त वरच्या घडीवर माप ठळक दिसले पाहिजे. विणलेला लोकरी स्वेटर तर टांगूच नये. आपल्याच वजनाने त्याचे खांदे ओघळतात. आणि प्रत्येक प्रकारचा निदान एक नमुना तोंड समोर करून टांगलेला असावा. नुसत्या बाह्याच पुढे आलेल्या सदऱ्यांच्या रांगेतून काय कळणार?

भिंतीला काय लावावे? हल्ली उभ्या खाचांच्या लोखंडी पट्ट्या मिळतात. त्यांत पाहिजे त्या उंचीवर आकडे अडकवून वर फळी ठेवा किंवा नळी बसवा. मला विचाराल तर छोट्या दुकानाला यापरते सोयीचे सामान नाही, कारण हंगाम बदलला की भिंत बदलता येते. दिवाळीत सगळे कप्पे, लग्नसराईत सगळ्या नळ्या. सुताराने ठोकून दिलेले लाकडी कपाट देखणे असते, पण ते तुमच्या मालाला आपल्या मापाचे गुलाम करते. या पट्ट्यांविषयी एक गोष्ट मात्र आधी ध्यानात घ्यावी. एका कारखान्याच्या खाचेत दुसऱ्या कारखान्याचा आकडा बसेलच असे नाही. म्हणून पट्ट्या घेतानाच दहावीस आकडे जास्तीचे घेऊन ठेवावेत. आणि पट्टी गाळ्याच्या नुसत्या प्लायवुडवर न ठोकता भिंतीच्या विटेत नीट बसवावी. जीन्सची एक विजार हँगरसकट पाऊण किलोच्या आसपास भरते. चार फुटांच्या नळीवर तीस टांगल्या तर वीस-बावीस किलो झाले, आणि त्यांना दिवसभर हिसके बसत असतात.

उंचीचाही विचार हवा. कुर्त्याची नळी जमिनीपासून साडेपाच फुटांवर असली की कुर्ता खाली टेकत नाही आणि बाईमाणसाचा हातही सहज पोचतो. सदऱ्यांच्या दोन रांगा करायच्या तर खालची नळी साडेतीन फुटांवर येते आणि वरची पावणेसात फुटांच्या आसपास जाते. पाच फूट उंचीच्या बाईचा हात तिथे पोचणार कसा? ती मागायला संकोचते आणि न मागता निघून जाते. तेव्हा वरची रांग ही दाखवण्याची आणि साठ्याची रांग समजावी, तिच्यातली सगळी मापे खालच्या रांगेतही असावीत, आणि आकडी लावलेली काठी कोपऱ्यात हाताशी असावी.

आता जमिनीवरचे सामान. येथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो. मोठ्या दुकानातला गोल स्टँड पाहून आपल्याला वाटते, वा, केवढा माल मावतो यात! तीन फूट व्यासाच्या गोल नळीचा परीघ सुमारे ११३ इंच. दोन इंचांना एक धरला तर ५६ सदरे. पण थांबा. हँगर असतो सतरा इंच रुंद; त्याचा अर्धा भाग नळीच्या आत जातो, आणि आतला घेर उरतो जेमतेम ६० इंचांचा. म्हणजे बाहेरून ऐसपैस दिसणारे सदरे आत खांद्याला खांदा लावून गुदमरतात. चाळीसपेक्षा जास्त अडकवले की एकही धड बाहेर निघत नाही. शिवाय बाहेर आलेल्या बाह्या धरून त्याने जमिनीवर साडेचार फुटांचे वर्तुळ अडवलेले असते. सवलतीच्या मालाला, जिथे लोक उलथापालथ करायलाच येतात, तिथे गोल स्टँड ठीक. नव्या मालाला चार बाजूंना चार हात असलेला स्टँड बरा. त्यात चारही बाजूंचा पहिला कपडा तोंड दाखवीत उभा असतो.

पण मुळात तुमच्या गाळ्यात यांतले काही मावते का? १० फूट रुंद आणि २० फूट खोल गाळा घ्या. दोन्ही भिंतींना हँगरवर माल टांगला तर प्रत्येक भिंत जवळजवळ दोन फूट पुढे येते. मध्ये राहिले सहा फूट. त्यात तो गोल स्टँड उभा केला, की दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांची वाट उरते. यातून माणूस कसा जाणार? एका भिंतीला घडीचे कप्पे ठेवले तर त्यांची खोली सव्वा फूटच पुरते आणि मध्ये पावणेसात फूट मोकळे मिळतात. पण त्यात अडीच फुटी टेबल टाकले तरी वाट तीन फुटांची होत नाही. म्हणून दहा फुटी गाळ्यात मधोमध काहीही ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जे ठेवायचे ते दाराशी एका अंगाला ठेवा, किंवा शेवटच्या भिंतीशी.

वाटेच्या रुंदीचा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. पॅको अंडरहिल या अमेरिकन अभ्यासकाने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स या दुकानातला एक अनुभव दिला आहे. दाराजवळच्या वर्दळीच्या वाटेवर नेकटायांचा एक स्टँड होता. गिऱ्हाइके तिथे थांबत, पाहू लागत, आणि मागून जाणाऱ्याचा एकदोनदा धक्का लागला की पाहणे सोडून निघून जात. स्टँड वाटेतून हलवला तेव्हा विक्री वाढली. विशेषतः बायकांना असा मागून लागलेला स्पर्श मुळीच खपत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. हे सांगायला न्यूयॉर्कपर्यंत जायला नको होतं म्हणा. आपल्या कोणत्याही वहिनींनी सांगितलं असतं. पगार झाला की संध्याकाळी शेंद्र्याच्या दुकानात पुरुष-कामगारांची गर्दी होते. त्या गर्दीत बाईला निवांत उभे राहता येईल अशी एक बाजू ठेवली नाही, तर घरातला अर्धा खर्च जिच्या हातून होतो ती तुमच्या दारात पाऊल टाकायची नाही.

साडीचा मात्र न्याय वेगळा. साडे-पाच मीटरचे वस्त्र हँगरवर टांगून त्याचा पदर कळत नाही. म्हणून पैठणला किंवा येवल्याला पैठणीच्या दुकानात आजही गादीच दिसते, ती जुन्या हौसेखातर नव्हे. पदर पूर्ण पसरल्याशिवाय मोर कसा दिसणार? जरीचे वस्त्र वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले तर घडीच्या रेघेवर जर तुटते, तेव्हा साठ्यातल्या पैठणीची घडी अधूनमधून बदलावी, आणि चुकूनही तिला खिळ्याला किंवा अणकुचीदार चिमट्याला टांगू नये. शेंद्र्याच्या दुकानात साड्या ठेवायच्या असतील तर आतल्या बाजूला सहा फुटांची एक बैठी गादी किंवा रुंद टेबल राखून ठेवा. त्याला सर्वांत कमी पैसे लागतात आणि सर्वांत जास्त विश्वास मिळतो.

पुतळ्यांविषयी थोडेसे. पुतळा हा दुकानातला एकमेव नोकर, जो दिवसभर नवे कपडे घालून उभा राहतो आणि पगार मागत नाही. पण त्याला आठवड्याला कपडे बदलून लागतात. महिनाभर त्याच सदऱ्यात उभा असलेला, खांद्यावर जालना रस्त्याची धूळ साचलेला पुतळा दुकानाची बदनामीच करतो. उन्हाने कापडाचा रंग उडतो, आणि तो एकाच बाजूने उडतो, ही आणखी वाईट गोष्ट. मग तो कपडा विकताही येत नाही. दुसरे असे, की पुतळ्याच्या पाठीमागे टाचण्या आणि चिमटे लावून सदरा अंगालगत बसवतात. गिऱ्हाईक तो पाहून माप मागतो, घालून पाहतो, आणि “हा तसा बसत नाही” म्हणून नाराज होतो. शक्यतो पुतळ्याला त्याच्याच मापाचा कपडा घालावा. दहा फुटी गाळ्याला दोन पुतळे पुष्कळ झाले. डोके नसलेले घ्यावेत. गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या परदेशी चेहऱ्यावर आपला फेटा किंवा नऊवारी घातलेली पाहून मला तरी हसू येते.

दिवे आणि आरसा हेही मांडणीचेच भाग आहेत. निळसर पांढऱ्या दिव्याखाली मरून आणि तपकिरी, काळा आणि गडद निळा यांतला फरक कळत नाही. म्हणून बायका कापड उचलून दाराशी उजेडात नेतात. दिवा घेताना नुसता किती वॅट ते न विचारता रंग खरे दाखवणारा आहे का ते विचारावे, आणि शक्य तर दोन रंगांची चिंधी बरोबर नेऊन त्याखाली धरून पाहावी.

आरशाविषयी मात्र मी कळकळीने सांगतो. २०१३ साली इंग्लंडमध्ये बिस्टर येथे एका नामांकित कंपनीच्या कपड्यांच्या दुकानात, कपडे घालून पाहण्याच्या जागेतला शंभर किलोंहून जड असा तीन फळ्यांचा आरसा चार वर्षांच्या मुलावर कोसळला आणि ते मूल दगावले. आरसा भिंतीला जखडलेलाच नव्हता. २०१५ साली न्यायालयाने त्या कंपनीला १२ लाख पौंड दंड केला. दंडाने मूल परत येत नाही. आपल्याकडे गाळ्यागाळ्यांतून आरसे नुसते भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, आणि कपडे खरेदीला आईबाप मुलांना बरोबर घेऊनच येतात. आरसा चारही कोपऱ्यांत भिंतीला स्क्रूने बसवा. उंच स्टँडचा जड माल खाली आणि हलका वर ठेवा. पुतळ्याचा पाय तळपट्टीला पक्का करा. यासाठी लागणारा खर्च दोनचारशे रुपयांचाही नाही.

आणखी एका गोष्टीकडे मांडणी करताना कोणाचेच लक्ष जात नाही. गादीवरचा दुकानदार बसून विकत असे. स्टँड आले, मोकळी मांडणी आली, आणि विकणारी माणसे दिवसभर उभी राहू लागली. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी याविरुद्ध चळवळ केली आणि २०१८ साली तेथल्या कायद्यात बसण्याचा हक्क आला. तामिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. तुमच्या दुकानात एकच मुलगी कामाला असेल, पण ती दहा तास उभी असेल. मोजमाप घेतानाच काउंटरशेजारी एका स्टुलाची जागा धरा. नंतर धरू म्हटले की ती जागा मालाच्या खोक्यांना जाते.

आता पैशाचे बोलू. समजा, तुम्ही मुद्रा योजनेतून ‘किशोर’ गटातले ५ लाख रुपयांचे कर्ज काढलेत. त्यातून दीड लाख सामानात घातले, तर मालाला उरले साडेतीन. माल वर्षातून चार वेळा फिरला आणि खरेदीवर वीस टक्के सुटले असे धरा. म्हणजे कापडातला प्रत्येक रुपया वर्षाला ऐंशी पैसे मिळवतो. मग मांडणीत घातलेल्या जास्तीच्या एक लाखाने वर्षाला ऐंशी हजार जास्तीचे मिळवून दिले पाहिजेत, नाही तर तो पैसा कापडात असलेला बरा होता. चकचकीत काचेचे टेबल एवढे मिळवून देईल? उलट, खाचांच्या पट्ट्या आणि नळ्या नसल्या तर अर्धा माल गठ्ठ्यांत पडून राहतो आणि त्याचे फिरणेच थांबते, तेही तितकेच नुकसानीचे. म्हणून आधी भिंती, मग दिवे व आरसा, मग पुतळे, आणि जमिनीवरचे स्टँड सर्वांत शेवटी, तेही एक दिवाळी पाहून, असा क्रम मी सुचवीन.

सामान कोठून घ्यावे? शेंद्रा-चिकलठाण्याला राहून मुंबईहून स्टँड मागवणे म्हणजे नदीकाठी राहून पाणी विकत घेणे. लोखंड कापणारे, जोडणारे आणि त्यावर पावडरचा रंग भाजून देणारे कारागीर येथे वसाहतीतच आहेत. इंचाच्या चौकोनी नळीचे स्टँड ते तुमच्या गाळ्याच्या मापाने करून देतील. फक्त जोडाच्या जागा घासून गुळगुळीत केल्यात ना, हे बोट फिरवून नव्हे, तर एखादी जुनी ओढणी फिरवून पाहा. बोटाला न लागणारी कुसळ ओढणीला लागते. बंद पडलेल्या दुकानांचे जुने सामानही स्वस्तात मिळते. त्यात नळी वाकलेली नाही आणि चाके चारही टेकतात एवढे पाहिले की घ्यायला हरकत नाही. आणि हे सारे भाद्रपदाच्या आत सांगून ठेवा. नवरात्र उजाडले की वेल्डरकडे सगळ्यांचीच घाई असते, आणि तोवर तुमचे गठ्ठे दारात येऊन पडलेले असतात.